रिकामी बॅग सगळ्यांनाच बसते

अब्बा, नांदेडच्या आपल्या दुकानात तुम्ही गिऱ्हाईक बायकांच्या पाठीला कधी हात लावला नाहीत. खेडोपाडी साड्या, बांगड्या विकणाऱ्या त्या बायका पाठीवरची बॅग शिवून घ्यायला यायच्या आणि तुम्ही भिंतीकडे तोंड करून मला हाक मारायचात. मान खाली घातली की मुळाशी जे हाड वर येतं, तिथून कमरेच्या हाडापर्यंत माप घेत माझी बोटं उतरायची. ‘हाड सापडलं का, बेटा?’ तुम्ही भिंतीलाच विचारायचात. शिवलेली बॅगही तशीच नेऊ द्यायचा नाहीत. ‘रिकामी बॅग सगळ्यांनाच बसती, मावशी. माल भरून चालून दाखवा.’ मुदखेडची एक मावशी एकदा भडकलीच, ‘मियाँ, बॅग न्यायला आले मी. पोरगी बघायला आल्यावानी चालून काय दाखवू?’ तुम्ही हसलात, पण बॅग सोडली नाहीत.

काल लातूरच्या दुकानात तुमची नात आरशासमोर उभी होती. उद्या ती डोंगर चढायच्या शिबिराला निघते. मी नको म्हटल्यापासून आमचं बोलणं बंद आहे. सहस्रकुंड धबधब्याजवळ चढायचा सराव करताना बॅगेचे पट्टे खांद्यात रुतून तिचे हात बधिर झाले आणि दोर सुटला. फार वर नव्हती, म्हणून वाचली. पुन्हा हात बधिर झाले तर शिबिरातून परत पाठवणार आहेत. नवी बॅग पाठीला लावून ती आरशालाच म्हणते, ‘बसली.’ मला दिसतंय, बॅग पाठीला आखूड आहे, कमरेचा पट्टा पोटावर येऊन राहिलाय, सगळं वजन खांद्यावर जाणार. मी पैसे काढायला पर्स उघडली. दोन दिवसांत हात बधिर होतील, पोरगी घरी येईल. अब्बा, इतकं सगळं माझ्या मनात येऊन गेलं. दुकानदार बिल करायला वळला. आणि मला तिच्या हातातून सुटणारा दोर दिसला.

‘भर ती,’ मी म्हणाले.

‘काय?’

‘रिकामी बॅग सगळ्यांनाच बसते. भर.’

दुकानदाराकडून पाण्याचे कॅन मागून घेतले, जड ते पाठीशी लावलं. ‘अम्मी, लोक बघून राहिलेत.’ ‘बघू दे. चाल.’ ती दारापर्यंत गेली, वळली, चेहरा उतरलेला. ‘खांदे ओढतंय गं.’

मग लांब पाठीची बॅग काढायला लावली. आधी कमरेच्या हाडावर पट्टा आवळायचा, खांद्यांचे पट्टे नंतर, हे तिला सांगितलं. त्याआधी तिला मान खाली घालायला लावून माप घेतलं.

हा कागद तुमच्या मशीनच्या खणात ठेवते आहे. एवढंच सांगायचं होतं, हाड पहिल्याच बोटाला सापडलं होतं. ‘झालं का, अम्मी?’ तिनं विचारलं. मी म्हणाले, ‘थांब, सापडंना.’ आणि हात तसाच ठेवला.