नावापुढं ‘बाहेर’

१० डिसेंबर, बुधवार
जाम गावाजवळच्या कापसाच्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात आज कॉम्प्युटर सांभाळाले रुजू झालो. नाचणगावच्या धम्मदीपले स्वतंत्र खोली, फिरती खुर्ची आन् एसी! एसी सर्व्हरसाठी हाय, पन हवा तं मलेच लागते. हजेरी, निरोप, कागदपत्रं, सगळं या सर्व्हरवर. मॅनेजर कुंदनभाऊंनी त्यावर स्क्रीनवर दिसणारा एक फळाही केला. कापूस दाबून गाठी बांधणाऱ्या प्रेसच्या पेटीत साफसफाईले उतरणारा मोबाइलवरून आपल्या नावापुढं ‘आत’ लिहितो, वर आला का ‘बाहेर’. ‘बाहेर’ दिसलं का प्रेस चालवणारी तानाबाई बटन दाबते. फिटर बाबाराव म्हणे, आधी आम्ही मशीनची चावी खिशात घेऊन उतरत होतो, आता भरवसा तुह्या डब्यावर. मी म्हटलं, डबा खोटं बोलत नाई. बुढा लय हासला, चहाही त्यानंच पाजला.

१२ डिसेंबर
सॉफ्टवेअरवाल्यांचं पत्र आलं. सर्व्हरले भगदाड हाय, पासवर्ड न देता कोनीही कोनाच्याही नावानं शिरू शकते. पॅच, म्हंजे भगदाड बुजवाची दुरुस्ती, तयार हाय, लावाले दोन तास सर्व्हर बंद ठेवा लागते. कुंदनभाऊ म्हणाले, सीझन जोरात हाय, रविवारी लावजो. मी हो म्हटलं. खरं सांगतो, मले भूक लागली होती, वाद घालाचा कंटाळा आला.

१३ डिसेंबर
बाबाराव गेला. दुपारी पेटीत उतरलता. फळ्यावर त्याच्या नावापुढं ‘बाहेर’ आलं, तानाबाईनं बटन दाबलं. गाठ निघाली ते लाल, आन् पट्टीखालून त्याची बोटं. पट्ट्या कापताना मी धरून होतो. त्याचा मोबाइल जेवणाच्या पिशवीत, बंद. नोंदीत फक्त त्याचं नाव, पासवर्ड नाई, म्हंजे भगदाडातून शिरून दुसऱ्याच कोनी ‘बाहेर’ लिहिलं. काल पॅच लावला असता तं तो वाचला असता. मले माह्या भुकेची किळस येऊन राह्यली.

१४ डिसेंबर
पॅच लावला. पोलिसांनी ती प्रेस बंद केली, दुसरी चालू हाय. कुंदनभाऊंले सांगितलं, आता फळा पक्का, काम करा.

१५ डिसेंबर, सकाळ
फळ्यावर: बाबाराव — ‘आत’.
मी पुसलं. पुन्हा आलं. पॅच तं लागला, मंग हा कुठून —

दुपार
पत्राचं दुसरं पान वाचलंच नोतं. पॅचनंतर सर्व्हरच्या गुप्त डिजिटल चाव्या बदला, आधी शिरलेल्यानं त्या चोरल्या असतील तं तो येतच राह्यते. म्हंजे चोर घरात आन् मी दाराले कडी लावली. फळा बंद करा म्हून सांगाले पळालो. उशीर झालता. दुसऱ्या प्रेसच्या पेटीत उतरलेल्या निकेशच्या नावापुढं ‘बाहेर’. त्याचे दोन्ही पाय मांडीपासून गेले. तानाबाई बटनावर डोकं आपटून राह्यली.

चार वाजता
चाव्या बदलणं सुरू केलं. तेवढ्यात सगळ्यांच्या मोबाइलवर माह्या नावानं निरोप — दोघांलेही मीच चिरडलं, मजा आली, सर्व्हरच्या खोलीत बसलो हाय, या.
मी नाई लिहिलं. कोन ऐकते.

दारावर कामगारांचे घण. कुंदनभाऊ त्यांले आवरत होते. काहीतरी फुटल्यासारखा आवाज झाला. आता कुंदनभाऊंचा आवाज येत नाई —

खिडकीतून उडी मारता येते. पन हे लोक सर्व्हर फोडतील, चाव्या अर्ध्याच बदलतील, तो चोर उद्याही येईल. तिसरा कोनी पेटीत. नाई जात मी. भेव लागते, लय लागते.

चाव्या नव्वद टक्के बदलल्या.

बिजागरी तुटली —

पंच्याण्णव. कामगारांतला रोशन पहिला शिरला, हातात पाना. त्याले म्हणतो, मार लेका, पन फक्त दोन मिनि