अर्कानं न वाचलेली बाग

अक्का,

बाग गेली. हे आधीच सांगून टाकतो, आडवळणानं बोललेलं तुला कधी खपलं नाही. यावलच्या आपल्या शिवारातली केळी यंदा ऐन पावसाळ्यात उपटली आणि बांधापलीकडे खड्डा करून पुरली. व्हायरस होता. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मला राग आला तो तुझाच.

डोळे मिटले की अजून दिसतं: गोठ्यामागच्या सावलीत निळा ड्रम आहे आणि तू पदर खोचून त्याच्यापुढे उभी आहेस. कडुनिंब, करंज, निर्गुडी, रुई, सीताफळ, गुरं तोंड लावत नाहीत असला पाला तू हुडकून आणतेस, ठेचून शेण-गोमूत्रात बुडवतेस, वर गोणपाट टाकतेस आणि महिनाभर सकाळ-संध्याकाळ काठीनं ढवळत राहतेस. घरात कुणाशी भांडण झालं असेल त्या दिवशी काठी माझ्या हाती द्यायची. रागाच्या हातानं ढवळलेलं नासतं म्हणे, लोणच्यासारखं. तू धुळ्याकडची, लग्नानंतर सगळा जन्म यावलात काढलास तरी बोली सोडली नाहीस. गावातलं कुणी फवारणीच्या औषधाचं नाव काढलं की तू हसायचीस. ‘‘बठ्ठा पाला आठेच शे, दुकानमा कसाले जावानं?’’ सगळा पाला इथंच असताना दुकानात कशाला जायचं, हे मला तेव्हा फार पटायचं, आणि तुझं ते हसू मीही उचललं.

तुझ्या लेकीला, ताईला, बघायला नशिराबादचे पाहुणे आले तो दिवस आठवतो का? त्या पाल्याचा अर्क नुकताच गाळून कॅनमध्ये भरलेला, वासानं घर भरलेलं. पाहुणे उंबऱ्यातूनच मागे फिरतील या धास्तीनं मी सगळ्या कॅनची झाकणं पिळून घट्ट बसवली. तू ती नेहमी सैल ठेवायचीस, ते मला गबाळेपणाचं वाटायचं. पोह्यांच्या बशा हातात असताना शेजारच्या खोलीत धडाका झाला. कॅन फुगून फाटला होता, भिंत काळी-हिरवी झाली होती आणि दारातून उडालेले शिंतोडे मुलाच्या वडिलांच्या पांढऱ्या टोपीवर. तू सगळ्यांसमोर मला म्हणालीस, ‘‘अरे, त्याले बी श्वास लागस! जीव शे त्यामा!’’ मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाहुण्यांनी मात्र टोपी काढून हुंगली, हे कशावर मारता म्हणून विचारलं आणि जाताना एक कॅन मागून नेला. सोयरीक जमली.

नवा कॅन उघडला की पहिली फवारणी बांधालगतच्या शेजाऱ्याच्या ओळीवर करायची, ही तुझी रीत मी आजवर मोडली नाही. कीड बांध ओळखत नाही, तू म्हणायचीस. यंदा आभाळ दिवसचे दिवस भरलेलं राहिलं आणि कोवळ्या पानांवर पिवळ्या रेघा उमटल्या. मी अर्क जास्त मारला, घट्ट मारला. खोलीतले जुने कॅनही रिकामे केले. रेघा वाढल्या, मग मधले न उलगडलेले कोवळे पोंगे सडू लागले. शेवटी शेजारचा बांधावर येऊन उभा राहिला, एक पिवळं पान हातानं उलटून बघू लागला. मग म्हणाला, ‘‘भाऊ, उपटून टाका आता. आमची तरी वाचू द्या.’’ ज्याच्या ओळीवर मी आधी अर्क मारत आलो, त्याच्या तोंडून हे ऐकायचं होतं. तो काही चुकीचं बोलला नव्हता. मजूर एकेक झाड आडवं करत होते आणि बायको माझ्याशेजारी बसून नुसती रडत होती.

वास कसा यायला हवा, फेस कधी बसतो, कॅन अंधारात का ठेवायचा, सगळं तू मला शिकवलंस. अर्काचा उपाय न चालणारे दिवसही येतात, हे तेवढं सांगितलं नाहीस. कदाचित तुझ्यावर तसे दिवस आले नसतील. किंवा आले असतील आणि तू ते गिळून टाकले असतील. विचारायला तू नाहीस, याचं आता पहिल्यापेक्षा जास्त वाईट वाटतं.

हे कागद मी फाडून टाकणार आहे, म्हणून हेही लिहितो. बाग उपटायच्या आधी मी एसटीनं जळगावला जाऊन आलो. यावलच्या दुकानात मला सगळे ओळखतात, अर्कवाला म्हणून चेष्टाही करतात. तिथं जायची लाज वाटली. औषधाची बाटली पिशवीत कपड्यांखाली घालून आणली आणि उजाडताच, बायकोही उठायच्या आत, फवारली. रोज जाऊन पानं बघत होतो. रेघा तशाच राहिल्या, पोंगे सडतच राहिले. तुझा अर्क हरला तिथं त्या औषधानंही काही झालं नाही. आणि अक्का, पुढ्यात अख्खी बाग मरत होती, तरी मला हायसं वाटलं.