तिसऱ्या ओळीची मोजणी

९ नोव्हेंबर २०२५, रविवार

पाच महिने वहीत एक ओळ नाही. माफी. कोणाची मागतो आहे ते माहीत नाही, वही माझीच आहे. पण खाडा तो खाडाच. शेवटची नोंद १५ जूनची: "रंजीताला डान्स क्लासला घातले. संकल्प: मी अजिबात लक्ष घालणार नाही." संकल्प पाळला. त्यामुळे लिहिण्यासारखे काही नव्हते.

आज मात्र जिन्यावरून सहज नजर गेली. हॉलमध्ये सोळा मुली, तीन ओळी. माझी मुलगी तिसऱ्या ओळीत, डाव्या कोपऱ्यात, खांबाआड.

क्लास गडचांदूरच्या बसस्टँड रोडवर, बाबूभाई टेलरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. शिकवते त्यांची मुलगी शाजिया, वय सव्वीस. बोर्डावर हिप-हॉप, फ्रीस्टाईल, सेमी-क्लासिकल, लावणी आणि गोंडांचा रेला. इतक्या शैली एका माणसाला येतात यावर माझा विश्वास नाही. मी अठरा वर्षे मोजणी खात्यात एकच काम करतो, ते पूर्ण येते असे म्हणणार नाही.

२० डिसेंबरला कार्यक्रम आहे. चाळीस दिवस. एवढ्यात जिल्ह्याच्या हद्दी सुधारता येतात, एक ओळ का नाही?

११ नोव्हेंबर

स्वतःला विचारले: हा बापाचा मोह आहे का? दहा मिनिटे प्रामाणिकपणे विचार केला. नाही. प्रश्न तत्त्वाचा आहे. कोणाचीही मुलगी खांबाआड असती तरी मी बोललो असतो.

(दुसऱ्या ओळीत एक मुलगी उजव्या खांबाआड आहे. तिचे वडील पाहून घेतील.)

१३ नोव्हेंबर, सायं. ६

पालकांनी वर यायचे नाही, खाली दुकानात बसायचे, असा शाजियाचा नियम आहे. नियमाचा आदर करतो. म्हणून वर गेलो नाही, जिन्याच्या वळणावर थांबलो. तिथे झरोका आहे, पण उंच. बाबूभाईंचा लाकडी स्टूल उसना घेतला. बाबूभाई कात्री न थांबवता म्हणाले, "बसाले नेऊन राह्यले का चढाले, सर?" टेलर लोकांना नको तिथे माप घ्यायची सवय असते.

झरोक्यातून रंजीता स्पष्ट दिसली. डावा हात उशिरा उचलते. मी हळूच हाताने खूण केली. तिने पाहिले आणि लगेच खांबामागे सरकली. आज्ञाधारक आहे, पण बुजरी. अशा मुलांसाठीच पालक असतात.

दोन वर्षांपूर्वी शाळेच्या गॅदरिंगमध्ये ती फुलपाखरू होती. मी स्टेजसमोर उभा राहून सगळ्या स्टेप्स दाखवल्या म्हणून निदान टिकली. रडली ती स्पीकरच्या आवाजामुळे.

१६ नोव्हेंबर, रविवार

शाजियाला भेटून शांतपणे विचारले, कोणत्या निकषावर ओळी ठरल्या? ती म्हणाली, "सर, जिथी ठेवली तिथी खुश आहे न ते." हे उत्तर नव्हे. मी म्हणालो, निकषाचा कागद दाखवा. तिचा चेहरा जरा बदलला. म्हणाली, "कागद आहे. पन तुमाले नाई दाखवू शकत."

कागद आहे आणि दाखवत नाहीत! अठरा वर्षांच्या नोकरीत असे म्हणणाऱ्या एकाही माणसाचे बांध सरळ निघालेले नाहीत.

१८ नोव्हेंबर

क्लास नसताना हॉल मोजला. बाबूभाईंनी किल्ली दिली. कारण विचारले नाही, हसले मात्र. चोवीस फूट बाय चौदा. समोर मधोमध खुर्ची ठेवली तर तिच्यावरून तिसऱ्या ओळीचा डावा कोपरा बासष्ट टक्के झाकला जातो. नकाशा काढून लेखी हरकत दाखल केली, सोबत नकाशाची प्रत.

शाजियाने नकाशा उलटा धरून पाहिला. "सर, शेताची मोजनी होते. पोरींची काऊन करून राह्यले?"

घरी बायको, कमळा, म्हणाली, "तिले विचारलं का तुमी?" प्रश्न विरोधासाठीच होता, पण रास्त होता. विचारले. रंजीता म्हणाली, "ठीक आहे न बाबा, मी आहो तिथीच बरी आहो." किती समजूतदारपणे दुःख गिळते ही मुलगी. हरकत क्रमांक दोन लिहायला घेतली.

२३ नोव्हेंबर

पहिल्या ओळीच्या मधोमध पत्रूची मुलगी असते. पत्रू सिमेंटचा बल्कर ट्रक चालवतो. दुकानात सगळ्यांसमोर मला म्हणाला, "साहेब, माही पोरगी समोर आहे कारन थे नाचते. तुमची मांग काऊन आहे थे तिलेच पुसा न, आमच्या डोक्यावर टेप काऊन लावता?" बाबूभाईंची मशीन थांबली. दोन बाया तोंडाला पदर लावून हसल्या.

मनात तीन उत्तरे तयार होती. घरी आल्यावर चौथे सुचले, तेच सर्वांत चांगले.

स्वतःला विचारले: पत्रूचा राग येतो का? नाही. कीव येते. त्याच्या मुलीचा डावा हात वेळेवर उचलला जातो, एवढेच तिचे भांडवल.

३० नोव्हेंबर

विजय! हरकत क्रमांक तीननंतर (पत्रूनेही एक प्रतिहरकत तोंडी दिली म्हणे) शाजियाने सगळ्या ओळी मोडल्या. हिप-हॉप रद्द, रेला बसवणार. पोरी एकमेकींचे हात धरून गोल फिरतात आणि स्वतःच गातात. गोलात पहिली ओळ नाही, तिसरी नाही. पालकांकडे पाहत शाजिया म्हणाली, "आता घ्या मोजून."

घेणारच.

शिकवायला जिवती गावाकडून इतवारीबाई आल्या आहेत. सत्तरीच्या असतील. मी नमस्कार करून विचारले, मुलींची सुरुवात कुठून? त्या म्हणाल्या, "गोलाले कोनतं टोक असते भाऊ?" मी म्हणालो, पण पाहणाऱ्यांच्या समोर कोण येणार? त्यांनी मला आपादमस्तक पाहिले. "आमच्या इथी पाहनारे नसतेच. जो आला थो नाचते. तुमी नाचता?"

नाही म्हणालो. "मंग उभे काऊन आहा?"

भाषेची अडचण आहे. सोडून दिले.

रंजीता घरी आल्यावर मोरीत हातपाय धुताना मोठ्याने गात होती. पाच महिन्यांत पहिल्यांदा ऐकले. कमळा माझ्याकडे पाहत राहिली. माझ्या पाठपुराव्याचे फळ आहे, पण मी तसे बोलून दाखवले नाही. दोनदाच सूचित केले.

७ डिसेंबर, रविवार

झरोक्यातून पाच फेऱ्यांची वेळ घेतली. एक फेरी सरासरी अठ्ठेचाळीस सेकंद. गाणे अडीच मिनिटांचे. म्हणजे रंजीता तीन वेळा अगदी समोर येणार, पहिल्यांदा एकविसाव्या सेकंदाला. स्टेजसमोर मधोमध, पहिल्या खुर्चीच्याही पुढे उभे राहिलो की तिन्ही वेळा तिची नजर थेट माझ्यावर. डाव्या हाताची आता अडचण नाही, हात धरलेलेच असतात. पण दुसऱ्या कडव्यानंतर पाय बदलतो. ती खूण मी देईन.

स्टुलावर सिमेंटची राखाडी धूळ बसते, त्यात माझ्या चपलांचे ठसे. बाबूभाई म्हणाले, "सर, हे पाय धुवाले टाका, नाईतर शाजियाले दिसन." तिला केव्हाच दिसले आहेत, असे त्यांच्या हसण्यावरून वाटले. असू दे. लपवण्यासारखे मी काही केलेले नाही.

१९ डिसेंबर

रंजीता जेवली नाही. मला म्हणाली, "बाबा, उद्या तुमी आईजवळ मांग बसा न." गर्दीत माझे हाल होतील म्हणून काळजी करते. मी म्हणालो, तुझ्यासाठी उभे राहायला मला त्रास नाही. कमळा म्हणाली, "तुमाले नाचाचं आहे का तिले?"

२१ डिसेंबर, रविवार, सकाळी ७

काल कार्यक्रम झाला. जसे घडले तसे लिहितो.

मंगल कार्यालय भरलेले. मी ठरल्या जागी उभा. मागून कोणीतरी "ओ साहेब, बसा न खाली" म्हणाले, तो पत्रूच असावा. पोरी गात आल्या. एकविसाव्या सेकंदाला रंजीता समोर आली. मी मान हलवली, दोन्ही हातांनी ताल दिला. तिचा पाय चुकला. शेजारची अडखळली. गोल सावरला.

अठ्ठेचाळीस सेकंदांनी पुन्हा आली. मी खूण मोठी केली. या वेळी तिचा हातच सुटला. गाणेही सुटले, इतवारीबाईंनी विंगेतून आवाज दिला आणि बाकीच्यांनी ते उचलले.

तिसऱ्या फेरीत रंजीताने डोळे मिटले होते. पाऊल एकही चुकले नाही.

शेवटी टाळ्या खूप झाल्या. घरी येताना ती गाडीवर कमळाच्या मागे बसली, माझ्या आणि तिच्या मध्ये कमळा.

कारणमीमांसा: स्टेजवरचे दिवे. प्रखर होते, म्हणूनच डोळे मिटले. उद्या शाजियाला लेखी विचारणार, दिवे कोणी लावले, आणि जूनपासून माझ्या मुलीला मागे ठेवून तिचा आत्मविश्वास कोणी घालवला. आता तो कागद दाखवावाच लागेल.

२२ डिसेंबर, सोमवार

दाखवला.

हरकत क्रमांक चार दिली, पूर्ण दुकानासमोर वाचून दाखवली. शाजियाने शेवटपर्यंत ऐकले. मग वर जाऊन रंजीताला काहीतरी विचारून आली. फाइलमधून वहीचे फाडलेले पान काढले. म्हणाली, "तिनं कोनाले दाखवू नका म्हणून कसम घातली होती सर. आज हो म्हणाली."

पान असे:

"मॅडम, मले मागच्या ओळीत ठेवा, खांबाजवळ. समोरून बाबा दिसतात, गॅदरिंगमध्ये दिसले तसे. ते हात करतात न तर मी सगळं विसरते. मले नाचाले लय आवडते. बाबांले सांगू नका, त्यांले वाईट वाटन. रंजीता."

अर्जावर तारीख नाही. तांत्रिकदृष्ट्या अर्ज बाद ठरतो.

पण अक्षर मी ओळखतो. 'र' मीच गिरवून घेतला होता.

बाबूभाईंनी मशीन चालू करून दिली, मोठ्याने. वर पोरी गात होत्या. कोणता आवाज रंजीताचा ते खालून कळत नाही. जिन्याच्या वळणापर्यंत गेलो आणि परत आलो.

स्वतःला विचारायचे प्रश्न बरेच आहेत. आज विचारत नाही. विचारणारा आणि उत्तर देणारा एकच असला की निकाल काय लागतो, ते या वहीत आहेच.

उद्या: जिन्यावरचा स्टूल पुसून बाबूभाईंना परत करणे.