ताईच्या हाडातील लोहाच्या फेरतपासणीबाबत

प्रति,
मा. विभागप्रमुख,
विकृतिशास्त्र प्रयोगशाळा, सार्वजनिक रुग्णालय.

विषय : अस्थिमज्जेच्या अहवालातील ‘लोह नाही’ ही नोंद मंगळवारपूर्वी दुरुस्त करणेबाबत.
संदर्भ : माझे यापूर्वीचे दोन अर्ज व त्यांवरील आपला शेरा, ‘नियमाने यावे’.

महोदय,

१. पहिल्या तपासणीच्या शुक्रवारी सायंकाळी ॲसिडच्या बरणीत हाडांचे पाच तुकडे होते. त्यांतला सर्वांत लहान माझ्या थोरल्या बहिणीचा. मेणात बसवण्यापूर्वी हाड ॲसिडमध्ये मऊ करावे लागते. ते वेळेत काढले नाही, तर चुन्याबरोबर लोहही धुऊन जाते. बरणी सोमवारी उघडली गेली. हाडाचा काप काचेवर घेऊन रंग दिल्यावर लोह निळे दिसते. ताईच्या काचेवर निळा ठिपकाही नव्हता. ‘लोह नाही’ असा अहवाल गेला. तेव्हापासून दर मंगळवारी तिला लोहाचे इंजेक्शन देतात.

२. त्याच तुकड्याचे एक टोक माझ्या प्रशिक्षणासाठी रेझिनमध्ये बसवले होते. रेझिन हाडाइतकेच टणक असल्याने ॲसिड लागत नाही. ती काच रंगवली, तर निळीशार झाली. ताईच्या अंगात लोह कमी नाही, फार जास्त आहे. तिची कातडी करडी पडली असून यकृत सुजले आहे. तिचे डॉक्टर म्हणतात, रक्तातले लोहाचे आकडे तापानेही चढतात. हाडाचा अहवाल बदलून आणा, इंजेक्शन लगेच थांबवतो. ताई म्हणते, “अगं, जरा लांब बस, मला आता चुंबक चिकटेल.”

३. आपण सर्वांसमक्ष विचारलेत, “बहिणीसाठी वेगळं विज्ञान आणलंस का, बाई?” रेझिन ही मान्य पद्धत नाही म्हणून आपण ती काच पाहिली नाही. उरलेला तुकडा रेझिनमधून सोडवून नियमाप्रमाणे ॲसिडमध्ये ठेवावा व मेणात बसवावा, असा आदेश दिलात. सोडवण्याचे काम मलाच दिलेत. फेरतपासणीचा दुसरा मार्ग नसल्याने मी ते केले. बरणी या वेळीही, गेल्या आठवड्यात, शुक्रवारीच भरली गेली आणि या सोमवारी उघडली गेली.

४. आता तिचे हाड शिल्लक नाही आणि पुन्हा काढू देण्याइतकी ताकद तिच्यात उरलेली नाही. निळी काच तेवढी आहे. ती सोबत जोडली आहे. कृपया एकदा सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी. मिनिटभर पुरेल.

आपल्याच विभागातील, नम्र,
(सही)
कनिष्ठ तंत्रज्ञ
शनिवार, दुपार

सोबत :
१) मूळ तपासणी. मेण, ॲसिडमध्ये शुक्रवार ते सोमवार. लोह : ४ पैकी ०.
२) माझी काच. रेझिन, ॲसिडविना. लोह : ४ पैकी ४.
३) विभागाची फेरतपासणी. रेझिनमधून सोडवून मेण, ॲसिडमध्ये शुक्रवार ते सोमवार. लोह : ४ पैकी ०.