गाडी विकायला माझी हरकत नाही

प्रिय वन्संना वहिनीचा नमस्कार.

गुडघे काय म्हणतात? शेक घेताय ना, की नुसतं मला फोनवर सांगताय? माझी तब्येत उत्तम. फक्त उजवा पाय बसून बसून कुरकुरतो.

यांना जाऊन सहा महिने झाले. आता गाडी विकायची असं थोरल्याने ठरवलंय, आणि माझी काडीचीही हरकत नाही. त्या सवतीने (ती माझ्याआधी दोन वर्षं घरात आलेली, म्हणजे खरी सवत मीच) मला काय कमी छळलंय? दर रविवारी पोरं पारोशी आणि गाडीला मात्र कोमट पाण्याने आंघोळ. धाकटीच्या वेळी मला दवाखान्यात नेताना तुमच्या भावाने भर रस्त्यात गाडी थांबवून बॉनेट उघडलं होतं. म्हणे, "जरा वेगळाच आवाज येतोय." येणारच! मी ओरडत होते.

तर परवा गिऱ्हाईक आलं. शाळामास्तर, अगदी सज्जन. थोरला गाडीचे गुण गात होता, मी आपली मधेमधे खरं बोलत होते (मागचं दार आतून उघडत नाही, चढ आला की दोघांना उतरावं लागतं, वगैरे). मास्तर तरी हसतच होते. मग त्यांनी माझ्या बाजूचं पायाखालचं रबर उचललं आणि विचारलं, "इथेही ब्रेक होता का हो?" बत्तीस वर्षं मी तिथे बसून ब्रेक दाबलाय, वन्सं. यांना पत्ताच नाही, असं मी समजत होते. रबर तेवढ्याच जागी झिजून आरपार गेलेलं, आणि खालून सायकलच्या ट्यूबचे तुकडे चिकटवलेले. चांगले चार थर, कडा घासून, यांच्याच हातचे. मला एका शब्दाने बोलले नाहीत. मी तिथेच रडायला लागले. मास्तर घाबरले, त्यांना वाटलं आपल्या हातून काहीतरी मोडलं.

असो. गाडी विकायला माझी हरकत नाही, हे तुम्हीही थोरल्याला सांगा.

तुमची,
वहिनी

ता. क. मास्तर रविवारी गाडी चालवून बघायला येणार आहेत.

ता. क. दुसरा : पाकिटात कडक लागतंय ती किल्ली आहे. जोडीची यांनी कधीच हरवलीय. थोरल्याने विचारलं तर तुम्हाला काही माहीत नाही.

ता. क. शेवटचा : तुम्हाला यांनी गाडी शिकवली होती ना? गुडघे बरे झाले की किल्ली घेऊनच या. ब्रेकचं मी बघते.