भाण हरवल्याचा दाखला

बाबा, कोरगावच्या आपल्या विहिरीवरचा पंप परवा चोरीला गेला. पाइप करवतीने कापून नेलाय. मी तक्रार द्यायला गेलो. निवृत्त हवालदार म्हणून खुर्ची मिळाली, चहाही मिळाला. मग काउंटरवरची पोलीस बाई हळूच म्हणाली, "काका, चोरी बरयली तर तुमकांच फेरयो पडतल्यो. हरवला म्हण बरयूं? दाखलो आताच मेळटा." मी मान डोलावली आणि हरवल्याच्या दाखल्यावर सही केली. राग यायला हवा होता, पण आला नाही. घरी येऊन पेज जेवलो आणि हे लिहायला बसलो.

तुमचं भाण गेलं तेव्हा घटक राज्य होऊन वर्षही झालं नव्हतं. भाषेच्या मोर्च्यांचा बंदोबस्त संपला होता आणि मंत्र्यांच्या सत्कारांचा सुरू झाला होता. महिनाअखेरीला वर तक्ता जायचा. मटक्याच्या केसेस ठरल्याइतक्या हव्यात आणि न सापडलेल्या चोऱ्या कमीत कमी, असं साहेबांचं साधं गणित होतं. मटकेवाला केव्हाही सापडतो, आपणहून येऊन बसतो म्हणा ना. नारळ, कोंबड्या, सायकली नेणारा कुठे शोधायचा? म्हणून आम्ही चोरी लिहीतच नव्हतो. सायकल हरवली, घड्याळ हरवलं, एकाची तर गाभण शेळी हरवली. लोक फाटकाबाहेर जाऊन शिव्या घालायचे. त्या ऐकू येत, पण तक्त्यात येत नसत.

तुम्ही ऐन काजूच्या दिवसांत सकाळीच आलात, धोतराला बोंडांच्या रसाचे डाग. फेणीच्या भाटीवरचं तांब्याचं भाण रात्रीतून गेलं होतं, ज्यात आजोबांच्या वेळेपासून काजूचा रस उकळत आला ते. मी लिहून घ्यायच्या जागेवर होतो. म्हटलं, "हरवलं असं लिहितो, बाबा." तुम्ही हसलात. "हरवूक ता काय रुमाल? चोरला म्हण बरय." साहेब आतून बघत होते. मी इंग्रजीत हरवलं असंच लिहिलं, कागद वळवून तुमच्यापुढे सरकवला. "बरयलंस मां?" "तुम्ही सांगितलं तसंच." तुम्ही मराठीत सावकाश, वळणदार सही केलीत. इंग्रजी तुम्हाला येत नव्हतं, हे मला ठाऊक होतं.

पुढे दर बाजारच्या दिवशी तुम्ही काउंटरपाशी यायचात. घरी मला अरेतुरे करणारे तुम्ही तिथे चारचौघांत हात जोडून विचारायचात, "साहेबा, माज्या भाणाचा काय झाला?" मी म्हणायचो, तपास चालू आहे. तपास कसला? रस तुम्ही दुसऱ्याच्या भाटीवर नेऊन देऊ लागलात, तिथेच लाकडं सारायलाही बसू लागलात. पुढच्या वर्षी आपली भाटी लावलीच नाहीत. आईने विचारलं तर म्हणालात, "जाव दी. झिलाक वयल्या सायबांचो त्रास नाका." मला वरून त्रास नको म्हणून त्यानंतर तुम्ही स्टेशनात आला नाहीत. मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

तुमच्या बाराव्यानंतर ट्रंकेत भाण हरवल्याचा तो इंग्रजी दाखला सापडला, चार घड्या घातलेला. मागच्या बाजूला पेन्सिलीने तुमचं अक्षर होतं: 'भाण चोरीस गेले. तक्रार दिली आहे. मुलगा तिथेच आहे, मिळेल.' मी तो परत घडी घालून ठेवला. रडलो नाही. आई बाहेरून हाक मारत होती, पाहुण्यांना पानं वाढायची होती.

एक गोष्ट आईलाही सांगितली नाही. तुम्ही अजून काउंटरवर येत होतात त्या दिवसांत डिचोलीकडून वायरलेस आला होता. तिथे एका भंगारवाल्याकडे तांब्याची भाणी सापडली होती, त्यातल्या एकाच्या बुडाला पितळेचं ठिगळ. तुमच्याकडे अशी चोरीची तक्रार आहे का, असं विचारत होते. ते ठिगळ लावायला तांबटाकडे तुमच्याबरोबर मीच गेलो होतो, बाबा. हो म्हटलं असतं तर माझा कागद खोटा ठरला असता. साहेब शेजारीच बसले होते. मी रजिस्टर उघडलं, खरं तर उघडायची गरज नव्हती, आणि सांगितलं, "आमच्याकडे तशी तक्रार नाही." दोनच दिवसांनी बाजार होता. तुम्ही आलात, हात जोडलेत, विचारलंत. मी म्हटलं, तपास चालू आहे.

हा कागद आता तुमच्या दाखल्याच्या घडीत ठेवतो. पंपाचा दाखलाही तिथेच ठेवलाय.