धुरात शिरलेलं विमान

संत तुकाराम नगर, पिंपरी

अहो,

सप्रेम नमस्कार. गोळ्या वेळेवर घेता ना?

लेक विमानातून काजळी मोजते, असं मिरजेत मिरवत असता. काजळी किती प्रकाश शोषते हे मोजायला विमान धुरातच न्यावं लागतं, हे मला आज कळलं. भोसरीकडे भंगाराचं गोदाम पेटलंय. "आज नको जाऊस," म्हटलं, तर स्वरूपा म्हणाली, "आई, आजच तर जायला हवं." हट्ट तुमचाच.

गच्चीतून लिहितेय. विमान दोनदा धुरातून बाहेर आलं. तिसऱ्यांदा शिरलंय, ते अजून दिसत नाही. शाळेत कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी ओरडायला शिकवलं नाही, आणि फोन केला तर माझ्या आवाजातली भीती तुम्ही लगेच ओळखाल; म्हणून लिहीत बसलेय.

ती उतरल्याशिवाय हे पत्र पेटीत टाकणार नाही. हातात पडलं, की निर्धास्त जेवा.

तुमची,
सुलोचना